बापाने वाऱ्यावर सोडलेल्या पोराने सत्तरीत इंग्लंडची गादी वाचवली

साल होतं ११५२. इंग्लंडमधल्या न्यूबरी इथल्या एका गढीला राजा स्टीफनच्या फौजेने वेढा घातला होता. गढी होती जॉन मार्शल नावाच्या सरदाराची. जॉनने राजाकडे थोडी मुदत मागितली आणि शब्द पाळण्याची हमी म्हणून आपला पाच-सहा वर्षांचा मुलगा ओलीस ठेवला. मुदत मिळाली. पण गढी खाली करायची सोडून या पठ्ठ्याने आत आणखी माणसं आणि धान्य भरून घेतलं.

राजाची माणसं भडकली. पोराला फासावर द्यायचं ठरलं आणि तसा निरोप गढीत गेला. जॉनने उलट निरोप पाठवला की, खुशाल लटकवा, याच्यापेक्षा चांगली पोरं घडवायला लागणारा हातोडा आणि ऐरण अजून आपल्याकडे शाबूत आहेत.

पोराला यातलं काहीच कळत नव्हतं. फासाकडे जाताना त्याला एका सरदाराच्या हातातला भाला दिसला आणि त्याने तो खेळायला मागितला. ते बघून राजाचं मन विरघळलं. नंतर कुणीतरी सुचवलं की याला दगडफेकीच्या यंत्रात बसवून गढीवर फेकू, तर या पोराला तो झोपाळाच वाटला. शेवटी राजाने त्याला आपल्याच छावणीत ठेवून घेतलं. पुढे एकदा राजा आणि हा ओलीस पोरगा तंबूत बसून झाडाच्या काड्यांची लढाई खेळताना लोकांनी पाहिले.

या पोराचं नाव विल्यम मार्शल. पुढे तो इंग्लंडचा सगळ्यात नावाजलेला लढवय्या झाला, पाच राजांची चाकरी केली आणि सत्तरीत अख्ख्या राज्याचा कारभारी म्हणून परक्या राजपुत्राला देशाबाहेर काढलं.

ही गोष्ट आपल्याला कळली कुठून?

विल्यमच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्याच्या थोरल्या मुलाने बापाचं चरित्र लिहून घेतलं. जुन्या फ्रेंच भाषेतलं, १९ हजारांहून जास्त ओळींचं हे काव्य. राजा किंवा संत नसलेल्या माणसाचं इतकं मोठं चरित्र त्या काळात मिळणं दुर्मिळच. पुढे ते विस्मरणात गेलं. १८६१ मध्ये पॉल मेयर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने लंडनमधल्या एका लिलावात त्याचं हस्तलिखित पाहिलं, पण ते दुसऱ्याच माणसाने विकत घेतलं. ते पुन्हा हाती लागायला मेयरला वीसेक वर्षं लागली.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हे चरित्र घरच्यांनी पैसे मोजून लिहून घेतलेलं आहे. त्यामुळे त्यात विल्यम सहसा हरत नाही आणि चुकतही नाही. तरी दरबारी कागदपत्रं आणि इतर बखरींशी ताडून बघितलं तर त्याच्या आयुष्याचा सांगाडा पक्का उभा राहतो.

भांडण होतं तरी कशाचं?

११२० मध्ये राजा पहिला हेन्री याचा एकुलता एक औरस मुलगा जहाज बुडून मेला. हेन्रीने आपली मुलगी मटिल्डा हिला वारस नेमलं. पण ११३५ मध्ये तो वारला आणि त्याचा भाचा स्टीफनने गादी बळकावली. मग जवळपास वीस वर्षं यादवी चालली. सरदार कधी या बाजूला, कधी त्या बाजूला.

जॉन मार्शलही असाच बाजू बदलून मटिल्डाकडे गेला होता. एका चर्चमध्ये लपलेला असताना शत्रूने चर्चला आग लावली, छपरावरचं वितळलेलं शिसं त्याच्या अंगावर पडलं आणि एक डोळा गेला, तरी तो जिवंत बाहेर आला. असा हा बाप. मार्शल हे मुळात आडनाव नव्हतं, हुद्दा होता. राजाचे घोडे आणि दरबारातली शिस्त सांभाळायचं वंशपरंपरागत काम या घराकडे होतं.

शेवटी तडजोड झाली. स्टीफननंतर गादी मटिल्डाच्या मुलाला द्यायची. हाच दुसरा हेन्री, जो ११५४ मध्ये राजा झाला. त्याच्या ताब्यात फक्त इंग्लंड नव्हतं, तर आजच्या फ्रान्सचा मोठा पश्चिम भागही होता. हे लोक इंग्लंडवर राज्य करायचे, पण बोलायचे फ्रेंच.

घरात चौथा नंबर, म्हणजे हाती भोपळा

विल्यम बापाचा चौथा मुलगा. त्या काळात वतन जायचं थोरल्याकडे, धाकट्यांनी आपलं आपण बघायचं. विल्यमला आईच्या नात्यातल्या एका बड्या सरदाराकडे, नॉर्मंडीतल्या टँकरव्हिल इथे पाठवलं गेलं. तिथे घोडा, भाला, तलवार सगळं शिकणं झालं. तिथले लोक मात्र त्याची खादाड म्हणून थट्टा करायचे.

विशी ओलांडेपर्यंत तो नाइट झाला होता. नाइट म्हणजे चिलखत घालून घोड्यावरून लढणारा योद्धा. पहिल्याच मोठ्या चकमकीत त्याने जबरदस्त लढाई केली, पण आपला घोडा गमावून बसला. रात्री जेवणाच्या पंगतीत एका सरदाराने त्याच्याकडे घोड्याच्या साजातला एखादा पट्टा मागितला. विल्यम म्हणाला, आपल्याकडे असलं काहीच नाही. सरदार हसला. एवढ्या जणांना लोळवलं आणि एकाचंही सामान घेतलं नाही, असं कसं, अशी ती थट्टा होती.

या थट्टेतून तो जे शिकला ते आयुष्यभर पुरलं. नुसतं शौर्य पोट भरत नाही. समोरच्याला मारायचं नसतं, पकडायचं असतं. जिवंत माणसाची खंडणी मिळते, त्याचा घोडा आणि चिलखत मिळतं.

तेव्हाची लीग स्पर्धा

सिनेमात आपण बघतो तसे दोन घोडेस्वार समोरासमोर येऊन भाले मोडतायत, असे सामने नंतरच्या काळातले. विल्यमच्या वेळच्या टूर्नामेंट म्हणजे खोटी लढाईच. उत्तर फ्रान्समध्ये दोन-चार गावांच्या मधलं मोकळं रान मैदान म्हणून ठरायचं. दोन्हीकडे शेकडो घोडेस्वार. शेतं, गल्ल्या, वाड्या सगळीकडे पाठलाग. ज्याला पकडलं त्याने शब्द द्यायचा, घोडा आणि चिलखत द्यायचं किंवा पैसे मोजून सुटायचं.

चर्चचा या प्रकाराला कडक विरोध होता, कारण त्यात माणसं मरायची. पण मोठमोठे सरदार नावाजलेले खेळाडू आपल्या संघात घ्यायला पैसे ओतायचे. एक प्रकारे विल्यम त्या काळचा व्यावसायिक खेळाडूच होता.

एका गड्याबरोबर त्याने चक्क भागीदारी केली, जे मिळेल ते निम्मं निम्मं. दहा महिन्यांत या जोडीने १०३ नाइट पकडले. हिशेब ठेवायला कारकून होता, म्हणून आकडा टिकला.

एकदा स्पर्धा संपल्यावर सर्वोत्तम खेळाडूला बक्षीस द्यायचं ठरलं. बक्षीस होतं एक भलामोठा मासा. दोघं जण तो घेऊन विल्यमला शोधत निघाले. तो सापडला लोहाराच्या भात्याजवळ. डोकं ऐरणीवर ठेवून वाकलेला. दिवसभराच्या मारामुळे शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की ते डोक्यातून निघेना, आणि लोहार ते हातोडीने सरळ करत होता.

राणीने खंडणी भरली

पण त्याचं नशीब पालटलं ते स्पर्धेमुळे नाही, हरलेल्या चकमकीमुळे.

११६८ मध्ये तो आपल्या मामासोबत, अर्ल पॅट्रिकसोबत, दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये होता. दुसऱ्या हेन्रीची राणी एलेनॉर हिला सुरक्षित पोहोचवायचं काम होतं. वाटेत ल्युझिन्यान घराण्याच्या लोकांनी छापा घातला. मामा चिलखत चढवायच्या आत पाठीमागून झालेल्या वाराने मेला. चिडलेला विल्यम एका कुंपणाला पाठ लावून एकटा लढत राहिला. शेवटी कुणीतरी कुंपणापलीकडून मांडीत भाला खुपसला आणि तो पकडला गेला.

पकडणाऱ्यांनी जखमेकडे लक्ष दिलं नाही. मुक्कामातल्या एका बाईला दया आली. तिने पावाचा गाभा काढून त्यात कापडाच्या पट्ट्या लपवून त्याला दिल्या. त्याने स्वतःच जखम बांधली. पुढे राणी एलेनॉरने त्याची खंडणी भरून त्याला सोडवलं आणि आपल्या पदरी घेतलं. बापाने ज्याची किंमत शून्य धरली होती, त्याच्यासाठी युरोपातल्या सगळ्यात मातब्बर बाईने पैसे मोजले.

दोनच वर्षांत, ११७० मध्ये, राजाने आपल्या १५ वर्षांच्या थोरल्या मुलाचा जिवंतपणीच राज्याभिषेक केला. त्याचंही नाव हेन्री, म्हणून त्याला तरुण राजा म्हणायचे. त्याला शस्त्रविद्या शिकवायला विल्यमला नेमलं गेलं.

मुकुट आहे, पण राज्य नाही

या तरुण राजाकडे मुकुट होता, पण ना जमीन होती ना पैसा. ११७३ मध्ये त्याने बापाविरुद्ध बंड केलं. विल्यम आपल्या धन्याबरोबर राहिला. बंड फसलं, बापाने माफ केलं, आणि मग ही जोडी अनेक वर्षं टूर्नामेंट गाजवत फिरली.

विल्यमचं नाव वाढलं तसे हितशत्रूही वाढले. ११८२ मध्ये आरोप झाला की त्याचं तरुण राजाच्या राणीशी सूत जुळलंय. आरोप करणाऱ्यांशी आपण द्वंद्व लढतो, म्हणजे खरंखोटं ठरेल, असं त्याने सांगितलं. कुणी पुढे आलं नाही, पण राजानेही त्याची बाजू घेतली नाही. विल्यमने दरबार सोडला.

वर्षभराने तरुण राजाने बापाविरुद्ध दुसरं बंड केलं आणि विल्यमला परत बोलावलं. पण जून ११८३ मध्ये हगवणीने तो २८ व्या वर्षीच मेला. मरताना त्याने एक काम सोपवलं. धर्मयुद्धाला जायची शपथ घेतलेला त्याचा झगा जेरुसलेमला न्यायचा. विल्यम गेला आणि दोनेक वर्षांनी परतला. तिथे त्याने दोन गोष्टी केल्या. मरताना टेम्पलर या लढवय्या धर्मसंघात सामील व्हायचा शब्द दिला, आणि स्वतःच्या प्रेतावर घालायला उंची रेशमी वस्त्र विकत घेतलं. ते त्याने पुढे तीसेक वर्षं जपून ठेवलं आणि घरात कुणाला सांगितलंही नाही.

भावी राजालाच घोड्यावरून पाडलं

परत आल्यावर त्याने म्हाताऱ्या दुसऱ्या हेन्रीची चाकरी धरली. ११८९ मध्ये हेन्रीचा दुसरा मुलगा रिचर्ड, ज्याला आपण लायनहार्ट म्हणून ओळखतो, फ्रान्सच्या राजाला मिळून बापावर चालून आला. आजारी हेन्री ल मान शहरातून पळत होता आणि रिचर्ड पाठलागावर होता. घाईत त्याने पूर्ण चिलखतही घातलं नव्हतं.

मागची बाजू सांभाळायला विल्यम थांबला होता. तो भाला रोखून थेट रिचर्डवर चालून गेला. रिचर्डने आपण निःशस्त्र असल्याचं ओरडून सांगितलं. विल्यमने ऐनवेळी भाल्याचं टोक खाली वळवून त्याचा घोडा मारला. पाठलाग तिथेच थांबला.

काही आठवड्यांत, ६ जुलैला, हेन्री वारला आणि रिचर्ड राजा झाला. आता विल्यमची गच्छंती होणार, असं सगळ्यांना वाटलं. रिचर्डने त्याला बोलावून विचारलं की त्या दिवशी तू मला मारायला निघाला होतास, आपण हाताने भाला बाजूला सारला म्हणून वाचलो. विल्यमने सांगितलं की मारायचंच असतं तर घोड्याइतकंच ते सोपं गेलं असतं. रिचर्डने त्याला माफ केलं. जो हरणाऱ्या म्हाताऱ्या धन्याला शेवटपर्यंत सोडत नाही, तो माणूस आपल्या बाजूला हवा, एवढं रिचर्डला कळत होतं.

वर बक्षीस मिळालं ते आयुष्य बदलणारं. इझाबेल डी क्लेअर ही १७-१८ वर्षांची मुलगी त्या वेळी राज्यातली मोठी वारसदार होती. वेल्सच्या सीमेवरची मोठी जहागीर आणि आयर्लंडमधला लेन्स्टर प्रांत तिच्या वाट्याचा. तिचे आजोबा लेन्स्टरचे आयरिश राजे. विल्यम तेव्हा चाळिशी ओलांडलेला. अशा मुलीचं लग्न कुणाशी लावायचं हे राजा ठरवायचा, तिला विचारायची पद्धत नव्हती. लग्न झालं आणि हा माणूस एका रात्रीत बडा जहागीरदार झाला. पण पुढे इझाबेल नुसती नावाची मालकीण राहिली नाही. नवरा बाहेर असताना आयर्लंडमधली जहागीर तिने सांभाळली. त्यांना पाच मुलगे आणि पाच मुली झाल्या.

रिचर्ड धर्मयुद्धावर गेला तेव्हा कारभार बघणाऱ्या मंडळात विल्यम होता. पन्नाशीतही तो थांबला नव्हता. ११९७ मध्ये फ्रान्समधल्या मिली इथल्या किल्ल्यावर तो शिडी लावून स्वतः चढला, किल्लेदाराला एका घावात आडवा केला, आणि दम लागला म्हणून त्याच्याच अंगावर बसून राहिला.

जॉनच्या राज्यात जीव मुठीत

११९९ मध्ये रिचर्ड बाण लागून मेला. गादीसाठी दोन नावं होती. धाकटा भाऊ जॉन, किंवा दुसऱ्या भावाचा लहान मुलगा आर्थर. विल्यमने जॉनची बाजू घेतली. कँटरबरीच्या आर्चबिशपने त्याला तेव्हाच बजावलं की या निर्णयाचा त्याला पश्चात्ताप होईल.

सुरुवातीला फायदा झाला. जॉनने राज्याभिषेकाच्या दिवशीच त्याला पेम्ब्रोकचा अर्ल केलं. पण १२०४ पर्यंत जॉनने नॉर्मंडी गमावली. ज्या सरदारांच्या जमिनी दोन्हीकडे होत्या त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. विल्यमने आपली नॉर्मंडीतली जमीन वाचवण्यासाठी फ्रान्सच्या राजासमोरही निष्ठेची शपथ घेतली. एकाच वेळी दोन धनी.

इथे त्याच्या निष्ठेच्या गोष्टीला तडा जातो. चरित्र सांगतं की जॉनच्या परवानगीनेच तो बोलणी करायला गेला होता. जॉनला मात्र तो विश्वासघात वाटला. त्याने विल्यमचा थोरला मुलगा ओलीस मागितला, नंतर दुसराही. जो माणूस स्वतः लहानपणी ओलीस होता, त्याला आपली दोन मुलं राजाच्या हाती द्यावी लागली.

जॉनच्या हाती मुलं देणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. पुतण्या आर्थर त्याच्या कैदेत गेला तो परत दिसलाच नाही. पुढे १२१० मध्ये मर्जीतून उतरलेल्या विल्यम डी ब्रीओज या सरदाराची बायको आणि मुलगा जॉनच्या कैदेत उपाशी मेले. पण विल्यमने आपल्या बापासारखा डाव खेळला नाही. त्याने बंड केलं नाही आणि मुलांवर पाणीही सोडलं नाही. तो १२०७ मध्ये आयर्लंडला निघून गेला.

तिथे त्याने न्यू रॉस हे बंदर वाढवलं, किलकेनीत दगडी किल्ला बांधला, आणि हूक नावाच्या भूशिरावर दीपगृह उभारलं. ते दीपगृह आजही चालू आहे आणि जगातल्या सगळ्यात जुन्या चालू दीपगृहांमध्ये मोजलं जातं. आयरिश लोकांच्या बाजूने बघितलं तर मात्र हा बाहेरून आलेल्या मालकांनी जमीन बळकावण्याचाच काळ होता.

सनद आणि बाप-लेक समोरासमोर

जॉनने करांचा बोजा वाढवला, पैसा फ्रान्समधल्या लढायांत गेला आणि १२१४ मध्ये सगळं हरून तो परत आला. सरदारांनी बंड पुकारलं. १५ जून १२१५ ला रनिमीडच्या कुरणात जॉनला मॅग्ना कार्टा ही सनद मान्य करावी लागली. मुक्त माणसाला कायद्याच्या निवाड्याशिवाय कैद करायचं नाही, न्याय विकायचा नाही, अशी कलमं त्यात होती.

विल्यम राजाच्या बाजूने बोलणी करत होता. सनदेच्या सुरुवातीला राजाच्या सल्लागारांमध्ये त्याचं नाव आहे. आणि सनदेची अंमलबजावणी बघायला बंडखोरांनी जे २५ सरदार नेमले, त्यात त्याचा थोरला मुलगा होता. काहींना वाटतं की कुणीही जिंकलं तरी घर वाचावं म्हणून हे ठरवून केलं असेल.

सनद काही आठवडेच टिकली. जॉनने पोपकडून ती रद्द करून घेतली. बंडखोरांनी मग फ्रान्सचा राजपुत्र लुई याला इंग्लंडची गादी देऊ केली. मे १२१६ मध्ये लुई फौजेसह उतरला आणि लंडन त्याच्या ताब्यात गेलं. ऑक्टोबरमध्ये जॉन आजारी पडून मेला. मागे ठेवलं काय? नऊ वर्षांचा मुलगा, रिकामी तिजोरी आणि अर्ध्याहून जास्त सरदार शत्रूकडे.

सत्तरीत आलेलं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम

२८ ऑक्टोबर १२१६ ला ग्लॉस्टरमध्ये घाईघाईने छोट्या हेन्रीचा राज्याभिषेक झाला. वेस्टमिन्स्टर शत्रूच्या हातात होतं. त्याआधी विल्यमने त्या पोराला नाइट केलं. मग सगळ्यांनी विल्यमला कारभार हाती घ्यायचा आग्रह केला.

त्याने आधी वय पुढे केलं. सत्तरीच्या आसपासचा माणूस, हरत आलेली बाजू आणि उधळायला पैसा नाही. लुईकडे गेला असता तर जमिनी वाचल्या असत्या आणि कुणी नवल केलं नसतं. त्या रात्री त्याने आपल्या जवळच्या माणसांशी सल्लामसलत केली. एकाने सांगितलं की सगळे सोडून गेले तरी यातून नाव मोठंच होईल. ते त्याला पटलं. तो म्हणाला की जगाने पोराला सोडलं तरी आपण त्याला खांद्यावर घेऊन बेटाबेटांवरून फिरू, भीक मागायची वेळ आली तरी सोडणार नाही.

त्याची पहिली मोठी चाल तलवारीची नव्हती. नोव्हेंबरमध्ये त्याने पोपच्या प्रतिनिधीसोबत मॅग्ना कार्टा पुन्हा जारी केली. राजाला बांधून टाकणारी काही कलमं वगळली, पण गाभा ठेवला. ज्या सनदेसाठी बंड झालं ती राजानेच स्वतःहून दिली, तर लढायचं कशासाठी? एकेक सरदार परत येऊ लागला. विल्यमचा मुलगाही परतला.

दुसरी चाल मात्र तलवारीची होती. १२१७ च्या मे महिन्यात लुईची फौज दोन जागी विभागली गेली. तो स्वतः डोव्हरच्या वेढ्यात अडकला आणि उरलेले लिंकनमध्ये. लिंकनचा किल्ला निकोला डी ला हे या साठीतल्या बाईने राजासाठी लढवत ठेवला होता. विल्यमने ओळखलं की अशी संधी परत येणार नाही. जमतील तेवढे लोक गोळा केले. चरित्रातला आकडा आहे ४०६ नाइट आणि ३१७ क्रॉसबोवाले.

२० मे ला हल्ला झाला. म्हातारा विल्यम इतका उतावीळ झाला होता की शिरस्त्राण न घालताच घोडा दामटायला निघाला. हुजऱ्याने आठवण केल्यावर थांबला, ते घातलं आणि सगळ्यांच्या पुढे घुसला. अरुंद गल्ल्यांमधून लढाई कॅथेड्रलपर्यंत गेली. फ्रेंचांचा तरुण सेनापती, पर्शचा काउंट, शरण यायला तयार नव्हता. शिरस्त्राणाच्या डोळ्यांच्या फटीतून भाल्याचं टोक आत गेलं आणि तो मेला. मरण्याआधी त्याने विल्यमच्या डोक्यावर केलेल्या घावांनी शिरस्त्राण चेपलं होतं. तो विल्यमचा दूरचा नातेवाईक होता. शत्रूचे शेकडो नाइट पकडले गेले.

पण या विजयाची काळी बाजूही सांगायला हवी. जिंकलेल्या फौजेने शहर लुटलं, चर्चसुद्धा सोडली नाहीत. होड्यांमधून पळणाऱ्या बायका आणि मुलं नदीत बुडून मेली. लुटारूंनी या लुटीला लिंकनची जत्रा असं नाव ठेवलं.

२४ ऑगस्टला लुईला मदत घेऊन येणारं आरमारही सँडविचजवळ बुडवलं गेलं. इंग्लिश जहाजांवरून चुन्याची पूड फेकून शत्रूला आंधळं केलं गेलं. विल्यमला स्वतः जहाजावर चढायचं होतं, पण लोकांनी त्याला किनाऱ्यावरच थांबवलं.

आता लुई एकटा पडला होता. त्याला पकडा, असं म्हणणारे होते. विल्यमने तह केला. लुईला १० हजार मार्क देऊन घरी पाठवलं आणि बंडखोरांना जमिनी परत केल्या. नोव्हेंबरमध्ये सनद पुन्हा जारी झाली, सोबत जंगलातले सामान्यांचे हक्क सांगणारी वेगळी सनदही आली. सूड घेतला असता तर यादवी आणखी दहा वर्षं चालली असती, हे यादवीतच जन्मलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

पकडलेल्या ५०० जणांचं काय?

१२१९ च्या सुरुवातीला तो आजारी पडला. टेम्स नदीतून त्याला कॅव्हरशमच्या घरी नेलं. तिथे त्याने शांतपणे सगळं आवरायला घेतलं. बालराजाला बोलावून पोपच्या प्रतिनिधीच्या हवाली केलं. धाकट्या मुलाने आपल्यासारखंच स्वतःचं नशीब काढावं असं त्याने आधी म्हटलं, मग जवळच्या माणसाचं ऐकून त्याच्या नावे थोडी जमीन केली. लग्न न झालेल्या धाकट्या मुलीची सोय केली. एक दिवस गाणं म्हणावंसं वाटलं, पण ते शोभेल का, असं त्याला वाटलं. मग मुलींना बोलावून गायला सांगितलं. धाकटी लाजून हळू आवाजात गाऊ लागली, तेव्हा ते कसं म्हणायचं हे त्यानेच तिला समजावलं.

एका माणसाने त्याला सांगितलं की दुसऱ्याचं घेतलेलं परत केल्याशिवाय मुक्ती नाही, असं धर्म सांगतो. विल्यमचं उत्तर रोखठोक होतं. आयुष्यात ५०० नाइट पकडले, त्यांचे घोडे आणि चिलखतं घेतली, ते सगळं परत करणं शक्य नाही. देवाचं दार त्यामुळे बंद होत असेल तर होऊ दे. कपाटातले भारी कपडे विकून दानधर्म करावा असं एका कारकुनाने सुचवलं, तर त्याला त्याने झापलं. ते कपडे सणाला आपल्या नाइटना द्यायचे होते, आणि हाताखालच्या माणसांचा हक्क आधी.

मग त्याने जुना शब्द पाळला. लपवून ठेवलेलं रेशमी वस्त्र मागवलं आणि टेम्पलर संघाचा झगा घेतला. त्या संघात गेल्यावर बायकांना स्पर्श करता येत नाही, म्हणून त्याआधी इझाबेलला शेवटचं जवळ घेतलं. १४ मे १२१९ ला तो गेला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याला पुरलं. अंत्यविधीला आर्चबिशप स्टीफन लँगटन याने त्याचा उल्लेख त्या काळातला सर्वश्रेष्ठ नाइट असा केला.

मागे काय उरलं?

पाच मुलगे होते, पण वंश टिकला नाही. एक लढाईतल्या जखमांनी गेला, एक टूर्नामेंटमध्ये घोड्याने फरफटल्यामुळे. १२४५ पर्यंत पाचही जण निपुत्रिक मेले आणि जहागीर मुलींच्या घराण्यांमध्ये वाटली गेली. आयर्लंडमध्ये लोक सांगायचे की विल्यमने एका बिशपची जमीन दाबली, त्याचा हा शाप. मुलींच्या वंशात मात्र स्कॉटलंडचा प्रसिद्ध राजा रॉबर्ट ब्रूस जन्मला.

ज्या पोराला त्याने गादीवर बसवलं, त्या तिसऱ्या हेन्रीने ५० वर्षांहून जास्त राज्य केलं. पुढे विल्यमच्या एका मुलाशी वाद झाला तेव्हा याच हेन्रीने सुनावलं की तुझ्या बापाने लुईला हातचा सोडला, तो दगाबाजच होता.

जॉनच्या हातची १२१५ ची सनद काही आठवड्यांत मेली होती. विल्यमने ती १२१६ आणि १२१७ मध्ये पुन्हा जारी केली, म्हणून ती टिकली. १२२५ मध्ये हेन्रीने स्वतः ती कायम केली, आणि तिची काही कलमं इंग्लंडच्या कायद्यात आजही आहेत.

टेम्पल चर्चमध्ये विल्यमची म्हणून ओळखली जाणारी दगडी मूर्ती आहे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात चर्चचं छप्पर जळून कोसळलं आणि या मूर्तींची मोडतोड झाली. नंतर त्या दुरुस्त करून पुन्हा जागेवर ठेवल्या. लंडनला गेलात तर फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका बोळातून आत शिरल्यावर हे चर्च लागतं.